कॅनन म्हणजे मराठीत काय? (तोफ सोडून)

जोंधळा: मी होम्स-वॉटसनचं गमतीचं कॉमिक काढत असतो, आता मराठीतून करायलोय. एका चित्रात होम्स विचारतो, "डॉक्टर, गोळी खांद्याला लागली होती न, मग लंगडायलाव काहून?" (१८८७ च्या पहिल्या कादंबरीत वॉटसनची जखम खांद्याला हाय अन् १८९० च्या दुसरीत पायाला, डॉयलसाहेब विसरले आणि चाहते तेव्हापासून कारणं जुळवत बसलेत.) वॉटसन म्हणतो, "दोन्ही कॅनन आहेत, मी काय करू!" (कॅनन म्हणजे मूळ लेखकानंच लिहिलेलं, चाहत्यांनी जोडलेलं नव्हे.) भाषांतराच्या ॲपात टाकलं तर "दोन्ही तोफा आहेत" आलं. मित्राला तेच आवडलं. पण वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ना, आणि "मूळ कथेत असंच आहे" लिहिलं की जोक मेला. आखूड शब्द सांगा.

वेरूळची_वेणू: अधिकृत?

जोंधळा: ताई, अधिकृत म्हणलं की तलाठ्याचा शिक्का दिसतो.

शुद्धमती: 'प्रमाण' हा शब्द असताना उसनवारी कशाला? प्रमाणकथा. आणि फॅनफिक्शनला, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या गोष्टींना, चाहतेसाहित्य.

बोरीचा_बबन: चाहतेसाहित्य म्हणजे संमेलनात जेवणानंतरचा परिसंवाद वाटायला, सगळे पेंगायलेत. उद्या शिप करण्याला, म्हणजे दोन पात्रांची जोडी मनात जुळवण्याला, काय म्हणणार, युगुलनिर्मिती? आम्ही सरळ सोयरीक जमवणे म्हणतो. माझ्या बहिणीनं एका कोरियन मालिकेत तिसऱ्याच भागात सोयरीक जमवली अन् सोळाव्यात हिरोनं दुसरीकडं लगीन केलं, दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही ती.

निजामी_काका: आमचे वडील उर्दूतून शिकलेले, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. कॅनन मूळ ग्रीक, तोच अरबीत कानून झाला, आणि आपल्याकडं कानू. शिवकालीन कागदात कानुजाबता आहे. "दोन्ही कानूत आहे" म्हणा की.

शुद्धमती: काका, अरबी काढून अरबीच घालायचं तर कॅनननं काय वाईट केलं होतं?

निजामी_काका: मग हजर, वकील, जमीन, सगळंच काढा बाई, अर्धी परभणी मुकी होईल.

गोदाकाठची: एवढं फिरता कशाला, पैठणला या. नाथांनी शके १५०६ ला, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, कारण नकला करता करता पाठ बिघडले होते. आणि शेवटी तंबी दिली, जो कुणी ह्यात आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली समजा. फॅनफिक्शनवर एवढा कडक शेरा पुढं कुणी मारला नसंल. अशा घुसडलेल्या ओवीला क्षेपक म्हणतात. वॉटसनला म्हणू द्या, "एकही क्षेपक नाही!"

जोंधळा: क्षेपक लै भारी ताई!

बोरीचा_बबन: क्षेपक, क्षेपणास्त्र... फिरून तोफच की लेकहो.

वेरूळची_वेणू: एक सांगू का, होम्सवाल्यांनी कॅनन शब्द चेष्टेतच घेतलाय. रोनाल्ड नॉक्स, पुढं पाद्री झाला तो, त्यानं १९११ ला बायबलच्या पंडितांची नक्कल करत होम्सवर निबंध वाचला होता. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांना सोवळं नेसवायचं, ही गंमत. म्हणून शब्द देवघरातलाच पाहिजे. "दोन्ही पोथीत आहे" कसं वाटतं?

शुद्धमती: पोथी वाचायची वस्तू. मालिकेला, ॲनिमेला पोथी कशी म्हणणार? प्रमाणच बरं.

बोरीचा_बबन: आमच्या आजी मालिका लागल्यावर मध्ये कुणाला बोलू देत नाहीत, पोथीला तरी उठून च्या टाकतात. म्हणा बिनधास्त पोथी.

निजामी_काका: ते राहू द्या, नरोटी म्हणजे नेमकं काय ओ?

गोदाकाठची: करवंटी, काका.

शुद्धमती: फरक असणार. नरोटी म्हणजे भीक मागायची ती. करवंटी स्वयंपाकघरातली.

वेरूळची_वेणू: माझ्या सासरी कोकणात करटी म्हणतात, तिचा डाव करतात.

निजामी_काका: डाव म्हणजे पळी ना? आमच्यात डाव म्हणलं की पत्त्यांचा.

जोंधळा: काका... वॉटसन राहिला की तसाच...

शुद्धमती: पळी आणि डाव एक नव्हे. पळी लहान, डाव मोठा.

बोरीचा_बबन: आमच्या घरी उलटं हाय.