गिटारच्या तारांवर बोट घासून ‘चीं’ वाजते, कमी कशी करू?

कपाशीवाला:
यवतमाळकडच्या खेड्यातून लिहितो. आमच्या भजनी मंडळात खंजिरी, पेटी अन् आता माझी अकौस्टिक गिटार. बुवा काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी, म्हणजे डी शार्प) गातात, म्हणून मले सगळे बार कॉर्डच (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) धरावे लागतात. चौथ्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या) जी शार्पवरून सहाव्याच्या ए शार्पवर सरकलं की ‘चीं’! मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकलं तर भजनापेक्षा तेच कानात घुसते. तारा नव्या हायेत, फॉस्फर ब्राँझ. सध्या कापूस वेचणं चालू, बोटं बोंडांनी पार खरबडली. काकाजी म्हणतात तारांले खोबरेल लाव. लावू काय?

जुनी_तार:
तारांले नोको, भाऊ. तेल गुंडाळीच्या फटीत जाते, धूळ धरते अन् तार मुकी होते. बोटांले लाव, तेही रात्री झोपताना. वाजवायच्या आधी हात धुऊन कोरडे कर. घट्ट्यांचे उकललेले काठ बारीक पॉलिश पेपरनं घास, ते लय ओरडतात.

पातळ दोन तारा साध्या असतात. बाकी चारांवर बारीक तार गुंडाळलेली. त्या कडांवरून बोट जितकं जोरात सरकवशीन तितका ‘चीं’ वर चढते. नव्या तारांच्या कडा कोऱ्या, थोड्या वाजल्या की नरमतीन.

पण खरी भानगड मले बार कॉर्डमध्ये दिसते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव अन् साधे डी, जी, ए कॉर्ड धर. पट्टी काळी दोनच राह्यते, सरकणं मात्र जवळपास बंद.

बेसवाला:
फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा टाका, कटकटच नाही.

जुनी_तार:
कटकट जाते, संगं चमकही जाते. खंजिरीपुढं अकौस्टिक मंग ऐकू कोणाले येईन? त्यापेक्षा एलिक्सिर कंपनीसारख्या कोटिंगवाल्या (पातळ लेप दिलेल्या) तारा बऱ्या. महाग हायेत, पण टिकतात.

कपाशीवाला:
कॅपो लावला, निम्म्याहून जास्त फरक पडला! पण बुवा रंगात आले की मधातच पट्टी चढवतात. तवा कॅपो सरकवाले वेळ कुठं असते?

जुनी_तार:
बुवांले कोण आवरणार! तवा बारच धर. फक्त आधी दाब सोड, बोटं तारेपासून केसभर उचल, मंगच हात हलव. अन् मोबाइल डाव्या हातासमोर ठेवू नोको, ब्रिजच्या (गिटारच्या पेटीवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूले ठेव.