शाळा आणि लॅटिनो पालक: अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे अनुभव

अमेरिकेतल्या शाळांत शिकवणारे, ऑफिस सांभाळणारे, पीटीएत (पालक-शिक्षक संघात) धडपडणारे आपल्यात बरेच आहेत. ज्या शाळांत बहुतेक घरांतून स्पॅनिश बोललं जातं, तिथे प्रिन्सिपल आणि पालक यांच्यातलं बोलणं कशामुळे अडलं आणि कशामुळे सुरू झालं, ते या धाग्यात लिहा. "त्या पालकांना शिक्षणाची पर्वाच नसते" हे मी फार वेळा ऐकलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. शाळेचं किंवा कुणाचं नाव नको, पण काय केलं ते नीट सांगा.

ह्यूस्टन, प्राथमिक शिक्षिका
आमच्याकडे पालकसभा दुपारी साडेतीनला असायची. माझ्या वर्गातल्या बऱ्याच आया रात्री ऑफिसं साफ करतात आणि दुपारी झोपतात. जी यायची, तिचं बोलणं तिच्याच मुलाच्या तोंडून व्हायचं. चौथीतला मुलगा स्वतःच्या वाचनाच्या अडचणी आईला कशाला सांगेल? "सगळं छान आहे" एवढंच तो सांगायचा. आईला समजेल अशा भाषेत माहिती देणं ही शाळेची मेहेरबानी नाही. 1964च्या नागरी हक्क कायद्यातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1974च्या लाउ विरुद्ध निकोल्स निकालातून आलेली ती जबाबदारी आहे. नव्या प्रिन्सिपलबाईंनी मुलांना दुभाषा करणं पूर्ण बंद केलं, फोनवर प्रशिक्षित दुभाषा घेतला आणि भेटी सकाळी मुलांना सोडायच्या वेळी ठेवल्या. तेव्हा त्या आयांनी विचारलेले प्रश्न ऐकून माझा ऊर भरून आला. वाचनाचा स्तर कसा ठरवता, घरी स्पॅनिशमधून वाचून दाखवलं तर चालेल का, विशेष शिक्षणाच्या कागदावर सही केली तर पुढे काय होतं? हे सगळं त्यांच्या मनात आधीपासून होतंच.

(धागाकर्ती: दुभाष्याचा खर्च कुणी केला, तेही लिहाल का?)

स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने. पालकांकडून एक पैसा घ्यायचा नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं.

वॉटसनव्हिल, कॅलिफोर्निया
इथे स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. शाळेतल्या 15 टक्के किंवा जास्त मुलांच्या घरी एखादी भाषा बोलली जात असेल तर पालकांना जाणारी पत्रं त्या भाषेतही द्यावी लागतात, असा राज्याचा कायदा आहे. त्यामुळे स्पॅनिश पत्रं नियमित निघायची, तरी काही घरांतून कधीच उत्तर नाही. ती कुटुंबं मेक्सिकोतल्या ओआहाकातून आलेली, घरात मिश्तेक ही तिथली मूळची भाषा बोलणारी. स्पॅनिश त्यांनाही परकीच, आणि मिश्तेक लिहिण्या-वाचण्याची सवय फारशी कुणाला नाही. शेवटी शाळेने मिश्तेक बोलणाऱ्या एका आईला मानधन देऊन तिच्या आवाजात व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवायला सुरुवात केली. पत्र पाठवलं म्हणजे निरोप पोचला, असं धरून चालणाऱ्या सगळ्या शाळांनी हे करून पाहावं.

शिकागो, शाळेच्या ऑफिसात काम
आमच्याकडे भीतीचा प्रश्न मोठा. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकायचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1982च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने पक्कं केलंय. पण दारातच ओळखपत्र मागितलं की बाप तिथूनच मागे फिरायचा. आम्ही मेक्सिकन वकिलातीचं ओळखपत्र चालेल अशी मोठी पाटी लावली, ऑफिसातल्या प्रत्येकाला ते दाखवून ठेवलं. 2025च्या जानेवारीत शाळांच्या आवारात अशा स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचं सरकारी धोरण रद्द झालं, आणि फोन उचलणंही कमी झालं. तेव्हापासून प्रिन्सिपल रोज सकाळी फाटकाशी उभे राहतात. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये का होईना, प्रत्येकाशी बोलतात. माझ्या मते पत्रकांपेक्षा याचाच उपयोग जास्त झाला.

दुसरं, आडनावं. या मुलांना दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आमच्या यादीत एकच उरायचं, मग वडिलांना भलत्याच आडनावाने हाक जायची. ते दुरुस्त करून घेतलं.

न्यू जर्सी, पालक
मुलीच्या शाळेत आता काही सभा स्पॅनिशमध्येच होतात आणि इंग्रजी ऐकायचं असेल त्यांनी हेडफोन लावायचा. मीही लावते. पूर्वी मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या बायका आता मधेच उठून प्रिन्सिपलना थांबवतात, पुन्हा सांगा म्हणतात. त्यातल्या दोघी यंदा पालक समितीवर आल्या. त्यांची पहिली मागणी होती, बस उशिरा येणार असेल तर फोन इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्हीत एकाच वेळी यावा. आता येतो.