टॅब्लेटवर हाताने नोट्स: गुडनोट्स की वननोट?

टॅब्लेटवर हाताने लिहायला गुडनोट्स, नोटॅबिलिटी की वननोट, यांपैकी कुठलं ॲप घ्यावं या चर्चेत पेनची गुळगुळीत रेघ सगळ्यांनी तपासली, पण नोट्स ॲपबाहेर, म्हणजे पीडीएफ किंवा छपाईत, कशा पडतात ते कुणी पाहिलं नाही. माझ्या मते निवड तिथेच ठरते.

वननोटचं पान अमर्याद पसरतं. विचार मांडायला झकास, पण पीडीएफ काढताना आकृती नेमकी दोन पानांत चिरली जाते. शिवाय त्यात घातलेली पीडीएफ म्हणजे नुसती पानांची चित्रं, त्यामुळे मूळ फाइलवर खुणा करून ती परत पाठवायची असेल तर वननोट नको. गुडनोट्समध्ये पान ठरावीक मापाचं असतं, ए४ निवडलं की छपाई सरळ. व्याख्यान रेकॉर्ड करायचं असेल तर नोटॅबिलिटी: लिहिलेल्या शब्दावर टिचकी मारली की त्या क्षणाचा आवाज सुरू होतो. सॅमसंग टॅबवाल्यांनी आधी सॅमसंग नोट्स वापरून पाहावं, फुकट आहे आणि बऱ्याच जणांना पुरतं.

देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी एक खोच. गुडनोट्समध्ये रेघेच्या शेवटी पेन टेकवून थांबलं की ती आपोआप सरळ होते. शिरोरेघ ओढून क्षणभर रेंगाळायची सवय असेल तर अक्षरं विचित्र दिसू लागतात. पेनच्या सेटिंगमध्ये 'ड्रॉ अँड होल्ड' बंद करा. आवृत्ती ६ मधलं गिरबटून खोडणंही बंदच बरं, नाहीतर आकृतीत छायारेषा मारताना खालचं चित्र गायब व्हायचं.

आणि वर्गणी भरण्याआधी गुडनोट्सची फुकट मिळणारी ३ वह्यांची मर्यादा वापरून संपवा.