मदत हवी आहे: दाढेचा ठणका आपोआप थांबला, तरीही रूट कॅनाल करावेच लागेल का?

माझे वय ४८ वर्षे असून मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास नाही. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेत मी ११ वर्षांपूर्वी चांदी भरून घेतली होती. गेल्या महिन्यात माठातले पाणी प्यायल्यावर त्या दाढेत सणक जाऊ लागली. सुरुवातीला ती घोट गिळेपर्यंतच टिकत असे, पण आठवड्याभरात पाच-दहा मिनिटे रेंगाळू लागली, पुढे गरम चहानेही तेच होऊ लागले आणि शेवटी काही खाल्ले-प्यायले नसतानाही दाढ ठणकू लागली. रात्री आडवे झाले की ठणका वाढे, कळ कानापर्यंत जाई, आणि दुखते ती वरची दाढ की खालची हेही मला खात्रीने सांगता येत नसे. चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणि पाच दिवसांचे अँटिबायोटिक परस्पर आणून घेतले (ही चूक होती हे मान्य आहे, घरी त्यावरून पुरेसे ऐकून झाले आहे). सहाव्या दिवशी सकाळी दुखणे एकाएकी नाहीसे झाले.

त्यानंतरच मी दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, आरशाच्या दांड्याने दाढांवर हलकेच ठोकून पाहिले आणि कापसाचा गार केलेला बोळा एकेका दाढेला लावला. शेजारच्या दोन्ही दाढांना थंडावा चटकन जाणवला. या दाढेला काहीच जाणवले नाही. मला वाटले, हे चांगलेच लक्षण आहे. दंतवैद्य मात्र म्हणाले की नस मेली आहे आणि मुळाच्या टोकाशी काळी छाया दिसते, त्यामुळे रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागेल. खर्च रूट कॅनालचा ४,५०० रुपये आणि कॅपचा प्रकारानुसार ४,००० ते ११,००० रुपये सांगितला असून दोन ते तीन खेपा लागतील.

त्यांच्या दवाखान्यात गर्दी होती आणि मला सुचले नाही, म्हणून सविस्तर विचारायचे राहून गेले. न दुखणाऱ्या दाढेवर एवढे उपचार का करायचे, हा माझा मूळ प्रश्न आहे. पुन्हा दुखेपर्यंत थांबले तर नेमके काय बिघडेल? नसच मेली असेल तर मग आत उरले तरी काय, जे साफ करायचे आहे? आणि कॅप खरोखर आवश्यक असते की तो वाढीव खर्च आहे? वडिलांचे मत असे की सरळ दाढ काढून टाकावी आणि मोकळे व्हावे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी दंतवैद्य आहे. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या दंतवैद्यांचाच धरावा. मात्र तुम्ही सांगितलेला क्रम इतका नमुनेदार आहे की त्यामागे काय घडले असावे हे समजावून सांगता येईल.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल, त्याच्या आत डेंटिन आणि डेंटिनच्या आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर. यालाच दवाखान्यात ‘नस’ म्हणतात. हा गर मुळांमधल्या बारीक नळ्यांतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या अगदी लहान छिद्रातून जबड्याशी जोडलेला असतो. जुन्या चांदीखाली किंवा तिच्या कडेने कीड पुन्हा शिरली की हा गर सुजतो. बोटाला सूज आली तर त्वचा ताणून ती सामावते, पण दाताच्या भिंती टणक असल्याने आत दाब वाढत जातो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून रात्री ठणका अधिक. वरची दाढ की खालची हे कळत नव्हते, कारण या गराला वेदना कळते पण जागा सांगता येत नाही; जागा कळते ती मुळाभोवतीच्या तंतूंमुळे, आणि जंतुसंसर्ग तिथपर्यंत पोहोचल्यावरच माणूस ‘हीच दाढ’ म्हणून बोट ठेवू शकतो.

दुखणे थांबले ते अँटिबायोटिकमुळे नव्हे. वेदना सांगणारा गरच मेल्यामुळे ते थांबले. गार बोळा न जाणवणे हीच त्याची खूण आहे. आता आत उरले आहे ते कुजणारे ऊतक आणि त्यावर वाढणारे जंतू, आणि तिथे रक्तपुरवठाच राहिलेला नसल्याने गोळीतले औषध किंवा शरीराच्या संरक्षक पेशी तिथपर्यंत पोहोचू शकत नाहीत. जंतू आणि त्यांचे विष मुळाच्या टोकातून बाहेर झिरपत राहते, त्याभोवतीचे हाड विरघळू लागते, आणि तीच तुमच्या एक्स-रेमधली काळी छाया. थांबलात तर ही दाढ कित्येक महिने गप्प राहू शकेल आणि मग एखाद्या रात्री अचानक गळू होईल. खालच्या दाढांची सूज जिभेखाली आणि गळ्याकडे पसरू शकते. ताप येणे, तोंड नीट न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता साफसफाईविषयी. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागातून छिद्र करून आतल्या नळ्यांची तोंडे शोधतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात, पण चार सापडणेही नवलाचे नाही, आणि एखादी नळी नजरेतून सुटणे हे उपचार फसण्याचे एक मोठे कारण आहे. प्रत्येक नळीची लांबी विजेवर चालणाऱ्या एका छोट्या यंत्राने मोजतात, मग टोकाशी पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या लवचिक फाइलींनी ती नळी घासून रुंद करतात. खरे काम मात्र फाइलीपेक्षा द्रावण करते. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातल्या ब्लीचमध्ये असते तेच रसायन, मेलेले ऊतक विरघळवते आणि जंतू मारते. म्हणूनच दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, जेणेकरून ते घशात जाऊ नये आणि तोंडातली लाळ नळीत येऊ नये. पडदा लावणार का, हे अवश्य विचारावे. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. शेवटी नळ्या गटापर्चाने बंद करतात. हा एका झाडाचा चीक आहे. १९ व्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींना त्याचेच वेष्टन असे.

नस मेलेली असली तरी भूल देतातच, कारण मुळाभोवतीचे भाग जिवंत असतात. त्या इंजेक्शनने अर्धा ओठ दोन-तीन तास बधिर राहतो, तेवढ्या वेळात काही चावून खाऊ नये, नकळत ओठ चावला जातो.

काढून टाकण्याविषयी: तुमच्या वडिलांचा पर्याय चुकीचा नाही, पण मोकळे होणे तिथे संपत नाही. पहिली दाढ चावण्याचा मोठा भार घेते. ती गेली की शेजारची दाढ त्या जागेकडे कलू शकते आणि वरची दाढ खाली उतरू शकते, आणि मग इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) करायचा तर खर्च रूट कॅनालपेक्षा अधिक येतो. दाढ उभी चिरलेली असेल किंवा हिरडीच्या वर पुरेसा भाग उरला नसेल, तर मात्र मी स्वतःही काढण्याचाच सल्ला देतो. तुमची दाढ वाचण्याजोगी आहे का, हा प्रश्न दंतवैद्यांना आधी विचारावा.

प्रतिसाद २

कॅपबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. माझ्या दाढेचे रूट कॅनाल उत्तम झाले होते, काही दुखत नव्हते, म्हणून कॅप ‘दिवाळीनंतर करू’ असे म्हणत मी आठ महिने काढले. एके दिवशी भाजलेले दाणे खाताना कट् असा आवाज झाला आणि दाढ मधोमध उभी चिरली. ती काढावी लागली आणि आधीचे सगळे पैसे वाया गेले. दाढ ‘वाळून ठिसूळ होते’ असे लोक म्हणतात, पण मला समजावले गेले ते वेगळे: कीड, जुनी चांदी आणि रूट कॅनालचे छिद्र यांत दाढेचा इतका भाग जातो की उरलेल्या भिंतींना आधार राहत नाही. कॅप त्यांना बाहेरून कडे घालते. पुढच्या दातांना प्रत्येक वेळी ती लागतेच असे नाही, दाढांना मात्र सहसा लागते. मागच्या दाढेला धातूची साधी कॅपही चालते. महागडी झिर्कोनिया (दातासारख्या रंगाच्या सिरॅमिकची कॅप) प्रामुख्याने दिसण्यासाठी आणि रंगासाठी, हे ध्यानात घ्यावे.

खर्च जड वाटत असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. वेळ अधिक लागतो, खेपाही वाढतात, पण शुल्क बरेच कमी असते. आरोग्य विम्याची पॉलिसीही वाचून पाहावी, जरी बाह्यरुग्ण दंतोपचार बहुतेक साध्या पॉलिसींत धरलेले नसतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘थंड लागत नाही’ हे मी बरे होण्याचे लक्षण समजत होतो, त्याचा अर्थ नेमका उलटा निघाला.

काल पहिली खेप झाली. पडद्याबद्दल मी विचारले, आणि तो त्यांच्याकडे होता व लावलाही गेला. सुमारे ५० मिनिटे लागली. पोहण्याच्या तलावासारखा वास आणि लांबी मोजणाऱ्या यंत्राची पीप-पीप एवढेच लक्षात राहिले. दुखले म्हणावे तर फक्त इंजेक्शन. नळ्या चार निघाल्या. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध ठेवून वरून तात्पुरते सिमेंट भरले आहे आणि पुढची खेप १० दिवसांनी आहे. आज चावताना दाढ थोडी ठसठसते, पण ते दोन-तीन दिवस चालेल असे त्यांनी आधीच सांगितले होते.

एक शंका उरली आहे. आज सकाळी चूळ भरताना त्या तात्पुरत्या सिमेंटचा एक लहान कपचा निघून आला. पुढच्या तारखेपर्यंत थांबले तर चालेल का?

प्रतिसाद १

थांबू नये. वरचा थर किंचित झिजणे चालते, पण कपचा निघाला असेल तर फटीतून लाळ आत जाऊ शकते आणि साफ केलेल्या नळ्यांत जंतू पुन्हा शिरतात. आजच दूरध्वनी करून उद्यापर्यंत ते पुन्हा भरून घ्या. काम पाच मिनिटांचे आहे. तोवर त्या बाजूने चावू नका. आणि शेवटच्या खेपेनंतरचा एक्स-रे स्वतःकडे जपून ठेवा, कारण ती काळी छाया भरून येण्यास सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक लागते आणि पुढच्या तपासणीत तुलना त्याच्याशीच करावी लागेल.