ग्रोमेटनंतर कान वाहिला तर

ग्रोमेट (कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी निघावं म्हणून पडद्यात बसवतात ती बारीक नळी) बसवल्यावर मुलाचा कान वाहिला तर घाबरायचं का, आणि पोहायला कधी पाठवायचं, असं एका पालकांनी विचारलंय. आमच्या लेकीचं हे ऑपरेशन पुण्यात झालं. भूल देतात, पण 15-20 मिनिटांत आटपतं आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात. भुलीतून उठताना काही मुलं फार रडतात, तेवढी तयारी ठेवा.

सुरुवातीचे एक-दोन दिवस थोडं लालसर पाणी येऊ शकतं. पुढे सर्दीत कान वाहिला, तर पू आत साठून न राहता नळीतून बाहेर पडतोय. त्यावर बहुतेकदा अँटिबायोटिकचे थेंब पुरतात, पण डॉक्टरांनी दिलेलेच. घरातले जुने थेंब नकोत, काही थेंब अशा कानाला घातक ठरू शकतात. आणि आजीला आधीच सांगून ठेवा, कोमट तेल अजिबात नाही!

साबणाचं पाणी नळीतून लवकर आत शिरतं, म्हणून अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा बसवा. पोहणं सर्जनना विचारूनच, सूर मारणं तर नकोच.

घरी येताना लेकीने रिक्षाच्या आवाजाने दोन्ही कान झाकून घेतले. इतके दिवस ती किती कमी ऐकत होती, ते तेव्हा कळलं. नळी सहसा 6 ते 18 महिन्यांत आपोआप पडते. तोवर तपासण्या चुकवू नका.