मदत हवी आहे : हॉटेलातल्या थाळीला आवरायचं कसं?

नमस्कार मंडळी. माझी फिरतीची नोकरी, आठवड्यातले 4 दिवस सांगली-कोल्हापूर-सातारा. दुपारचं जेवण बाहेरच. डॉक्टरांनी 9 किलो कमी करायला सांगितलंय. घरी दीड भाकरीवर उठतो, पण हॉटेलात सगळं फिसकटतं.

अनलिमिटेड थाळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाटी अर्धी झाली की वाढपी हजर. परवा ‘नको’ म्हणत वाटीवर हात आडवा धरला, तर पठ्ठ्याने बोटांच्या फटीतून रस्सा ओतला! (हसू नका, चटका बसला.) एक थाळी दोघांत चालत नाही, उरलेलं पार्सल देत नाहीत. आणि पानात टाकायचं नाही, हे आजीने लहानपणीच अंगात भिनवलंय. नुसती भाजी मागवावी तर ती दोन माणसांना पुरेल एवढी, वर तेलाचा बोटभर तवंग.

डबा नेऊन पाहिला, उन्हात गाडीत आंबतो.

फिरतीवरचे तुम्ही लोक काय करता? साधी भाजी मागवून जेवायच्या आधीच अर्धी स्वतःच्या डब्यात काढली, तर हॉटेलवाले काही बोलतात का? आणि वाढप्याला न दुखवता थांबवायचं कसं? ‘डाएट करा’ सोडून काहीही सांगा.