मदत हवी आहे: 'यूज्ड टू' नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार. मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) सगळं इंग्रजीत होतं, पण पाठ करून पास झाले. बोलणं निभावतं, लिहिताना अडते.

मागच्या आठवड्यात एक आजोबा ॲडमिट झाले. आजींनी सांगितलं, "हे रोज सकाळी बीपीची गोळी घेतात." मी केसपेपरवर लिहिलं, 'ही यूज टू टेक ॲम्लोडिपिन फाइव्ह एमजी इन मॉर्निंग'. सकाळी राउंडला नवीन डॉक्टर होते. त्यांनी अर्थ घेतला की पूर्वी घ्यायचे, आता बंद आहे. गोळी चार्टवर चढलीच नाही. अकराच्या सुमारास आजी काउंटरवर आल्या, "सिस्टर, यांची गोळी आज दिली नाही का हो?" तेव्हा लक्षात आलं. गोळी उशिरा दिली, बीपी ठीक राहिलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गोळीचं नाव बरोबर, डोस बरोबर, चूक फक्त एका क्रियापदाची.

मला वाटायचं, 'यूज टू' म्हणजे सवय. रोज करतो ते 'यूज टू'. आमच्याकडे सगळे असंच बोलतात, 'आय यूज टू कम बाय बस'. मग 'आय ॲम यूज्ड टू' म्हणजे काय? आणि पेशंटला 'पूर्वी दारू घ्यायचात का' हे कसं विचारायचं? कृपया वाक्यांसकट सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमची चूक अगदी सार्वत्रिक आहे. बोलताना 'यूज्ड'मधला ड पुढच्या ट मध्ये विरतो आणि कानाला 'यूस्टू' एवढंच ऐकू येतं. म्हणून लिहिताना ड गळतो, आणि मग तो वर्तमानकाळ वाटायला लागतो. या अर्थाच्या 'यूज्ड टू'ला वर्तमानकाळ इंग्रजीत नाहीच.

'घ्यायचे, जायचो, राहायची' हे आपलं मराठी रूप मनात धरा. शाळेत 'मी जात असे' हा रीती भूतकाळ शिकलो, तेच. जिथे 'घ्यायचे' बसतं आणि मागे 'आता नाही' असं ऐकू येतं, तिथेच 'यूज्ड टू'. 'ही यूज्ड टू स्मोक' म्हणजे ओढायचे, सोडली. आजोबा तर गोळी 'घेतात'. तिथे साधं 'ही टेक्स ॲम्लोडिपिन फाइव्ह एमजी एव्हरी मॉर्निंग'. पुढे शेवटचा डोस कधी घेतला तेही लिहा, म्हणजे कुणाला अंदाज करावा लागणार नाही.

'ॲम, इज, आर' आलं की अर्थ बदलतो: सवयीचं झालंय, त्रास वाटत नाही. 'आय ॲम यूज्ड टू नाइट ड्युटी.' पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं: 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट'. सवय होत असेल तर 'गेट': 'ही इज गेटिंग यूज्ड टू द मास्क'.

प्रश्नात मात्र ड खरंच जातो, कारण भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो: 'डिड यू यूज टू ड्रिंक?' त्याआधी 'डू यू ड्रिंक?' विचारा, नाहीतर आजही घेणारा माणूस निसटेल.

अजून एक. किती वर्षं ते सांगायचं असेल तर 'यूज्ड टू' नको. 'ही स्मोक्ड फॉर टेन इयर्स' पुरे.

धागाकर्ती

मनापासून आभार. 'घेतात' आणि 'घ्यायचे' हा फरक मी आजींच्या तोंडून ऐकला होता, कागदावर उतरवताना घालवला. आता आधी मराठी वाक्य मनात म्हणते, मग लिहिते. काल एक काकू म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी घ्यायचे, दिवाळीपासून सोडली." बिनधास्त 'शी यूज्ड टू टेक' लिहिलं आणि पुढे कधी बंद केली तेही.

माझ्या हातच्या आणखी दोन केसपेपरांवर 'यूज टू' आहे आणि ते पेशंट अजून वॉर्डात आहेत. आज रात्री ड्युटीवर गेल्या गेल्या नातेवाइकांना पुन्हा विचारते, इन्चार्ज सिस्टरना सांगते, आणि जुनी ओळ एका रेघेने खोडून तारीख, वेळ, सही घालून नीट लिहिते.